खळग्यातलं मीठ

नवऱ्याचं नाव घेऊ नये म्हणतात. म्हणू देत. मी शिवडीची कोळीण, दिवसभर वाड्यावाड्यांतून ओरडून मासे विकते, मला कसली आलीय लाज! माझ्या नवऱ्याचं नाव हरेश्वर. तो बघा, ओट्यावर पाठ करून बसलाय. मी काय सांगतेय ते त्याला ऐकू येतंय, आणि तरी तो मधे तोंड उघडणार नाही. पूर्वी असा नव्हता हो. पूर्वी त्याचं तोंड बंद करायला मला भांडावं लागायचं.

हरेश्वरला आई आठवत नाही. थोरला भाऊ गुणाजी आणि त्याची बायको शेवंता, दोघांनी त्याला वाढवला. शेवंता लग्न होऊन आली तेव्हा हा नागडा फिरायचा, आणि तिचं तरी वय काय, नुकती लुगडं नेसायला लागलेली पोर. तिनं याला न्हाऊ घातलं, खरूज झाली तर कडुनिंब वाटून लावला, काटे काढून घास भरवले. नात्यानं ती वहिनी, पण कधी भावोजी म्हणून हाक मारली नाही. हरेश्वरच म्हणायची, आणि तेही अरेतुरे. तिला स्वतःला मूल झालं नाही. पुढे गुणाजी तापानं गेला आणि ती एकटी राहिली, आमच्या दाराला दार लावून. चूल वेगळी, पण कालवण रोज इकडून तिकडे. जावाजावा म्हणजे भांडणं आलीच. ती म्हणायची, "रखमा, तुझ्या जिभेला काटे आहेत गो." मी म्हणायची, "म्हणूनच माझे मासे ताजे दिसतात." मग दोघी हसायचो.

या शेवंताचा हात म्हणजे काय सांगू! आमच्या कोळीवाड्यात मुशी मासा खारवायचं काम सगळ्यांनी एकीच्या हाती द्यायचं, अशी जुनी रीत. शिमग्याच्या आधी देवळापुढे बैठक बसते, पाटील विचारतो, "यंदा मुशी कुणाकडे?" ज्या बाईचं नाव निघेल तिच्याकडे घरोघरच्या मुश्या जातात. ती चिरते, मीठ भरते, पिंपात दाबते, आणि पावसाळ्याच्या तोंडाला पिंपं उघडून ज्याचं त्याला देते. होड्या वर ओढल्या की मग त्यावरच गावानं जगायचं. कितीतरी वर्षं दुसरं नाव निघालंच नव्हतं. शेवंता. विधवा बाई, पण शिमग्याला पाटलाच्या घरच्या बायकांच्या जोडीनं तिला मान. मीठ किती भरायचं ते तिला कुणी शिकवलं नव्हतं, तिच्या बोटांना कळायचं. तिच्या पिंपातली मुशी भादव्यातसुद्धा काढा, मांस घट्ट आणि वास गोड.

आता हरेश्वर. लग्न झालं तेव्हा तो जाळ्यावर होता. एकदा भरती उलटताना दोर हाताभोवती आवळला आणि उजव्या हाताची दोन बोटं गेली. जखम भरली, पण जाळं ओढायची ताकद गेली ती गेलीच. घरात बसून माशा मारायला लागला. माझी गिऱ्हाइकं फणसवाडीत, तिथं हेमचंद्रराव म्हणून एक प्रभू गृहस्थ, सरकारच्या मिठाच्या खात्यात कारकून. त्यांच्या बायकोला माझ्याशिवाय कुणाचा बोंबील चालायचा नाही. मी तिच्यामागे भुणभुण लावली, तिनं त्यांच्यामागे लावली, आणि हरेश्वरला शिपायाचा पट्टा मिळाला. प्लेग यायच्या चारेक वर्षं आधीची ही गोष्ट.

काम काय, तर किनारा राखायचा. वडाळ्याकडची मिठागरं परवान्याची, त्यांच्यावर वेगळे लोक होते. हरेश्वरनं राखायचं ते आपोआप धरणारं मीठ. उन्हाळ्यात उधाणाचं पाणी खडकातल्या खळग्यांत साचतं, उन्हानं आटतं आणि तळाला पांढरा पापुद्रा धरतो. ते उचलणं गुन्हा. समुद्र देवाचा, ऊन देवाचं, पण मीठ सरकारचं! शिपायानं काय करायचं, तर खळगा दिसला की त्यात टोपलीभर चिखल ओतायचा आणि पायानं असा कालवायचा की कुणी ते मीठ तोंडात घालूच नये.

मला हसू आलं होतं. "हे काय काम झालं? लोकांच्या जेवणात माती कालवायची?"

त्यावर हरेश्वर मला शिकवायला लागला. हेमचंद्ररावांनी त्याला समजावलं होतं म्हणे. सरकारकडे देशभरातून जो पैसा येतो, तो सगळा मिळून एक रुपया धरायचा. त्यातले चार आणे जमिनीच्या साऱ्याचे. मग अफू आहे, दारू आहे, जंगलं आहेत. आणि नुसत्या मिठाचा दीड आणा! ना नांगर, ना बी, खारं पाणी आणि ऊन, त्यातून रुपयातला दीड आणा. त्यावर आगगाडी चालते, गोद्या बांधतात, पलटणी पोसतात.

"म्हणजे बघ," तो छाती काढून म्हणाला, "त्या दीड आण्याच्या राखणीवर मी आहे."

बोटं गेल्यापासून या माणसाला आपण निकामी झालो असं वाटत होतं. आता त्याला वाटायला लागलं की राज्याचा एक कोपरा आपल्या खांद्यावर आहे. मी म्हटलं, वाटू दे बिचाऱ्याला. गावानं मात्र त्याचं नावच पाडलं. घाटावर दिसला की पोरं ओरडायची, "काय दीडआणे, कुठं निघालात?" तो रागवायचा नाही, उलट मिशीवर हात फिरवायचा.

पण एक गोष्ट होती. शिवडीच्या किल्ल्याखालच्या खडकात एक मोठा खळगा होता, आणि तो शेवंताचा. तिचा म्हणजे काय, तिच्या सासूपासून त्या घरच्या बायका तिथून मीठ आणायच्या. हरेश्वर लहानपणी तिच्या कडेवर बसून तिथं गेलेला. बाजारातलं मीठ कराच्या ओझ्यानं महाग, सगळ्या गावाची मुशी त्यात कशी भागणार? थोडं विकतचं, थोडं खळग्यातलं, असं करून ती पिंपं भरायची. गावातल्या सगळ्या बायकांना ठाऊक, आणि सगळ्या मुक्या. पहिली दोन वर्षं हरेश्वरनं त्या बाजूला पाहिलंच नाही.

तिसऱ्या वर्षी शिमगा झाल्यावर पिंपं भरली गेली. वैशाख सरता सरता सगळा गाव टोपल्या घेऊन शेवंताच्या दारात जमला. तिनं पहिल्या पिंपाचं झाकण काढलं आणि मागे सरली. वास आला तो मी अजून विसरले नाही. आम्ही माशांत जन्मलेली माणसं, आम्हाला कसला वास येतो? पण पुढच्या बायकांनी पदर नाकाला लावले. मुशी हाडाशी काळी पडली होती, बोट लावलं की मांस सुटून यायचं. दुसरं पिंप तसंच. तिसरंही. शेवंता एकेक मुशी वर काढून बघत होती, जणू खाली एखादी तरी चांगली असेल. एकही नव्हती. गावाची पावसाळ्याची पुंजी आम्ही खाडीत ओतली.

त्या पावसाळ्यात लोकांनी भाताची पेज आणि चिंचेचं पाणी खाऊन दिवस काढले. आणि पोट रिकामं असलं की तोंड चालतं. "विधवेचा हात, कधीतरी उलटणारच." "हातातला गुण गेला तिच्या." "मनात काही पाप असेल." तोंडावर कुणी बोललं नाही, पण पाणवठ्यावर ती आली की गप्पा थांबायच्या. नारळी पुनवेला नारळ सोडायच्या मिरवणुकीत ती आपण होऊन मागे राहिली. मी म्हटलं, "चल गो पुढं, कोण अडवतंय बघते!" ती म्हणाली, "राहू दे. माझा हात खरंच गेला असेल."

तिनंच ते मानलं, याचं मला जास्त वाईट वाटलं. भाजीत मीठ घालायलाही ती घाबरायची. मला हाक मारायची, "रखमा, तूच घाल." गणपती झाल्यावर ती माझगावच्या बंदरावर जायला लागली, बोटीवरचा कोळसा पाटीनं वाहायला. संध्याकाळी परतायची तेव्हा डोळे तेवढे पांढरे.

आणि हरेश्वर? तो बारीक व्हायला लागला. जेवताना ताटात बोटं फिरवायचा. कुणी "दीडआणे" म्हटलं की मान खाली घालून निघून जायचा. शेवंता बंदरावरून येताना दिसली की हा मागच्या दारानं बाहेर. मला वाटलं, ज्या वहिनीनं वाढवलं तिचे हाल बघवत नाहीत याला. शेवटी माघात एक दिवस मी जाळं शिवत बसले होते, हा समोर येऊन बसला आणि एकाएकी म्हणाला, "वयनीचा हात गेला नाय. मुश्या मी सडवल्या."

"डोकं फिरलं काय तुमचं?"

मग त्यानं सांगितलं. चैत्रात वरचा साहेब किनारा बघायला यायचा होता, म्हणून सगळे खळगे खराब करून ठेवायचा हुकूम सुटला. इतर खळग्यांत यानं नियमाप्रमाणे चिखल कालवला. वहिनीच्या खळग्याशी आला आणि याचा हात चालेना. आत मीठ असं धरलं होतं म्हणे की डोळे दिपावेत. टोपली घेऊन उभा राहिला. एकीकडे पट्टा, दुसरीकडे वहिनी. मग या शहाण्यानं काय केलं? जवळच्या नाल्यातला अर्धी टोपली चिखल आणला आणि वरवर पसरला, कालवला नाही. साहेबाला वरून काळं दिसेल, आणि वहिनी धुऊन घेईल. घरी येताना खूश होता. सरकारचंही राखलं आणि घरचंही राखलं!

तो नाला कुठला, तर परळच्या गिरण्यांकडून येणारा. रंगाचं पाणी, मोऱ्यांची घाण, सगळं त्यातून वाहतं. वहिनीनं वरचा चिखल काढला, समुद्राच्या पाण्यात मीठ धुतलं, दिसायला पांढरं झालं. आत काय मुरलं होतं ते पिंपात कळलं.

"पुरता कालवला असतास तर ती शिवलीच नसती," माझ्या तोंडून गेलं. अहोजाहो विसरलेच मी. "विकतचं आणलं असतं, नाहीतर कमी मुशी भरली असती!"

"तेच तर म्हणतोय मी," तो म्हणाला. "पुरतं वाईट केलं असतं तर बरं झालं असतं. नायतर पुरतं चांगलं."

मी भडकले. "मग सांगा की जाऊन गावाला! ती बाई स्वतःच्या हाताला शिव्या देतेय, कोळसे वाहतेय, आणि तुम्ही दहा महिने गप्प?"

त्यानं कारणं सांगितली. सांगितलं तर पट्टा जाणार. गाव वाळीत टाकणार. आणि त्या खळग्यातलं मीठ वापरलं म्हणून वहिनीवरच खटला व्हायचा. खोटी नव्हती कारणं, पण सांगताना तो माझ्याकडे बघत नव्हता. मग म्हणाला, "मला एकदा हेमचंद्ररावांना विचारायचंय."

"त्यांना काय विचारणार?"

"त्या खळग्याचं किती होतं ते."

मला काही कळलं नाही. पण रविवारी पाटी घेऊन निघाले तेव्हा तो माझ्यासोबत आला. भायखळ्यापर्यंत पायी, पुढं ट्राम. फणसवाडीत हेमचंद्रराव ओटीवर दाढी करवून घेत बसले होते. मी आत बाईंना मासे दाखवत होते, पण कान बाहेर.

हरेश्वरनं विचारलं, "रावसाहेब, तुम्ही रुपयातला दीड आणा म्हणाला होतात. मिठाचा."

"हो. अजून तेवढाच आहे. का रे?"

"त्या दीड आण्यात एका खळग्याचं मीठ किती असेल? खडकातला खळगा. एक बाई पाटीत भरून नेईल एवढा."

हेमचंद्रराव हसतील असं मला वाटलं होतं. ते हसले नाहीत. न्हाव्याला त्यांनी हातानं थांबवलं आणि खरंच विचार केला. "काही नाही," ते म्हणाले. "दीड आणा हा कराचा. ते मीठ कुणी विकलं नसतं, म्हणजे त्यावर कर आला नसता. तिनं नेलं तरी दीड आणा, चिखलात गेलं तरी दीड आणा."

"पण देशाचं नुकसान..."

"एकीचं विचारलंस म्हणून सांगितलं. किनाऱ्यावरच्या सगळ्याच बाया न्यायला लागल्या तर विकत कोण घेईल? म्हणून राखायचं. पण त्या एका खळग्याचं म्हणशील तर काही नाही, हरेश्वर." मग त्याच्या तोंडाकडे बघून म्हणाले, "का रे? काय झालं?"

"काही नाही, रावसाहेब."

ट्रामपर्यंत येताना हा माणूस रस्त्यात उभा राहिला. म्हणाला, "मला वाटलं होतं, वयनीचं गेलं ते निदान कुठंतरी जमा झालं असेल." आणि रडायला लागला. गिरगावच्या भर रस्त्यात, डोक्यावर सरकारी पागोटं. मी पाटी खाली ठेवली आणि त्याच्यापुढं उभी राहिले, लोकांना दिसू नये म्हणून. मलाही संताप आला होता, पण आता कुणाचा ते कळेना. मुश्या सडल्या, शेवंताचं नाव गेलं, ते कुणाच्या रुपयात धरलंय? चार आणे म्हणा, दीड आणा म्हणा, त्या मोजणीत आम्ही कुठं आहोत?

शिमग्याच्या आधी बैठक बसली. सगळा गाव देवळापुढं. शेवंता अगदी मागं, बायकांच्याही मागं. कुशाबा पाटलानं विचारलं, "यंदा मुशी कुणाकडे?" कुणीतरी काशीबाईचं नाव घेतलं. तेवढ्यात हरेश्वर उठला. अंगावरचा पट्टा त्यानं आधीच काढून ठेवला होता. सगळं बोलला. साहेबाची फेरी, खळगा, नाल्याचा चिखल, अर्धी टोपली. शेवटी म्हणाला, "वयनीच्या हातात काही खोट नाय. खोट माझ्यात आहे. मला वाळीत टाका, पण मुशी तिच्याकडे द्या."

मग कुजबुज सुरू झाली. कुशाबानं हात वर केला आणि मागं बघून विचारलं, "शेवंता, खरं काय गो हे? त्या खळग्यातलं मीठ तू भरलंस?"

एक हो म्हणायचं होतं तिला. एका शब्दात तिचा मान परत मिळत होता.

ती उठून उभी राहिली. "नाय," म्हणाली. "मी सगळं विकतचं मीठ भरलं. त्या खळग्याकडे मी गेलेच नाय. पोर मी वाढवलेलं आहे, मला वाचवायला खोटं बोलतोय. मुशी काशीबाईकडे द्या. माझा हात गेलाय."

आणि निघून गेली. कुशाबानं मान हलवली, हरेश्वरच्या पाठीवर थोपटलं, "भला माणूस आहेस" म्हणाला. भला माणूस! आणि मुश्या काशीबाईकडे गेल्या.

मी पळतच घरी गेले. मागून हरेश्वर. शेवंता दारात बसून नखांतला कोळसा काडीनं काढत होती.

"अगो, वेड लागलं काय तुला?" मी ओरडले. "तो स्वतः सांगत होता ना!"

"हळू बोल. गावात तोंडं किती? मी हो म्हटलं असतं तर आठवड्यात खात्यापर्यंत गेलं असतं. आमची दोघांची वरात तुरुंगात. त्याला जाळं ओढता येत नाय. पट्टा गेला तर तुमच्या चुलीत काय घालणार? मला काय, मी पाट्या वाहते."

हरेश्वर तिच्यापुढं जमिनीवर बसला. लहानपणी बसत असेल तसाच. म्हणाला, "वयनी, तुला तो चिखल दिसला नाय काय? नाल्याचा वास तरी आला असेल."

"दिसला की," ती म्हणाली. "वासपण आला. टाकूनच देणार होते मी."

"मग का भरलंस?"

"सगळ्या खळग्यांत कालवलेला होता आणि माझ्यात नुसता वरवर. मी ओळखलं कुणी टाकला ते. म्हटलं, हरेश्वरनं माझ्यासाठी ठेवलंय. त्याला मीठ कळतं, खराब असतं तर ठेवलं नसतं." तिनं काडी फेकली. "दुसऱ्या कुणी टाकलेला असता तर मी हात लावला नसता रे."